मधला सव्वा तास

"अहो, मला आत कधी घेणार?" रिकव्हरीतल्या तिसऱ्या पलंगावरून सत्तरीच्या आजींनी विचारलं. तोवर त्यांचं पित्ताशय एका पारदर्शक डबीत, आतल्या खड्यांसकट, बाहेर बसलेल्या मुलाला दाखवून झालं होतं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, झालं ऑपरेशन." आजींना पटेना. त्यांनी पांघरुणाखाली हात घालून पोट चाचपलं. बेंबीपाशी एक चिकटपट्टी, छातीच्या खाली मध्यावर दुसरी, उजव्या बाजूला आणखी दोन. चारही मोजून झाल्यावर त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "पण मला झोप लागलीच नव्हती. लागली असती तर कळलं नसतं का मला?"

पहिला प्रश्न रिकव्हरीत रोजचाच. दुसरा मात्र कानात राहून जातो. झोप लागली की ती लागल्याचं कळतं, हे आजींनी गृहीतच धरलं होतं. कोणाला कळतं, केव्हा कळतं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता: झोपेत मी असते, इथे मी नव्हते, म्हणजे काही झालंच नाही.

झालं होतं ते असं. आजींचं वजन ५५ किलो. हाताच्या पाठीवर गुलाबी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घातलेली बारीक नळी. तोंडावर मास्क धरून तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन, कारण पुढची काही मिनिटं श्वास त्यांचा स्वतःचा नसणार. फुप्फुसातल्या नायट्रोजनची जागा ऑक्सिजनने घेतली की तेवढी गंगाजळी हाताशी राहते. मग फेंटानिल हे वेदनाशामक, १०० मायक्रोग्रॅम. मग प्रोपोफॉल. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनच्या तेलात आणि अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनमध्ये घुसळून बनवलेलं असतं, आणि म्हणूनच ते दुधासारखं पांढरं दिसतं. शिरेतून जाताना झोंबतं, त्यामुळे आधी थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, देतात. प्रोपोफॉलच्या एका मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. तरुण माणसाला किलोमागे दोन-अडीच मिलिग्रॅम लागतं, सत्तरीत दीडच्या आतबाहेर पुरतं. आजींना गेलं ८० मिलिग्रॅम, म्हणजे आठ मिलिलीटर. चहाच्या चमच्याने दीड चमचा आणि वर दहाएक थेंब. म्हाताऱ्या माणसात रक्त सावकाश फिरतं, हातातून मेंदूपर्यंत औषध पोचायला अर्धं-पाऊण मिनिट, कधी त्याहून जास्त लागतं. इथे नवशिका घाईला येतो. डोळे मिटत नाहीत म्हणून तो आणखी दोन-तीन मिलिलीटर ढकलतो आणि मिनिटभरात वरचा रक्तदाब सत्तरवर येतो.

शंभरपासून उलटे आकडे म्हणायला सांगायची पद्धत आहे. मराठीत ते मुळातच अवघड. नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव... पंच्याण्णवच्या जवळपास जीभ जड होते, एखादा आकडा दोनदा येतो, आणि मग एक अर्धा शब्द. त्या अर्ध्या शब्दाचा उरलेला भाग कधीच येत नाही. पापणीच्या केसांना हलकेच बोट लावून पाहायचं. डोळा लवला नाही की पुढचं औषध, स्नायू लुळे करणारं. आजी शहाण्णवपर्यंत गेल्या.

आठ मिलिलीटर तेलकट पांढरं पाणी आणि त्यात एक अख्खी बाई.

मराठीने या कामाला 'भूल' म्हटलं, हे फार नेमकं झालं. १८४६च्या नोव्हेंबरात ऑलिव्हर वेंडेल होम्स या बॉस्टनच्या डॉक्टरने यासाठी जो ग्रीक शब्द सुचवला आणि जो पुढे इंग्रजीत रुळला, त्याचा अर्थ एवढाच की न जाणवणं. 'भूल' त्याहून लबाड आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी, भूल म्हणजे विसर, आणि रानात भूल पडते तेव्हा वाट पायाखाली असूनही सापडत नाही. उतरते तीही भूल आणि चढतं ते विष. तिच्या उलट टोकाला आहे 'शुद्ध', जी हरपते आणि पुन्हा जिच्यावर यायचं असतं. मधल्या पट्ट्यात भान, जाणीव, जाग, चेतना असे किती तरी शब्द, आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भान सुटलेला माणूस शुद्धीत असू शकतो. जागा असलेला बेभान असू शकतो. आणि एक जोडी तर विलक्षणच: पोटात येते ती 'कळ' आणि डोक्यात होतं ते 'कळणं'. व्युत्पत्तीचा दावा इथे करायचा नाही, पण हे दोन शब्द शेजारी ठेवले की भुलेचा अर्धा इतिहास त्यात दिसतो. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने एडवर्ड गिल्बर्ट ॲबट नावाच्या तरुणाला ईथर हुंगवलं आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ कापली. जगभर गाजलेली ती पहिली भूल. नंतर ॲबटने सांगितलं ते असं की दुखलं नाही, मानेवर काहीतरी खरवडल्यासारखं मात्र वाटलं. म्हणजे कळ गेली होती आणि कळणं पूर्ण गेलं नव्हतं. आजच्या हिशेबाने ती अर्धवट भूल. टाळ्या मात्र पूर्ण मिळाल्या.

आजींच्या वाक्याकडे परत येऊ. त्यांचा झोपेबद्दलचा मुद्दा आपल्याकडे शेकडो वर्षं भांडला गेलेला आहे. सकाळी उठल्यावर माणूस म्हणतो, 'छान झोप लागली, काहीसुद्धा कळलं नाही.' अद्वैती म्हणतो, हे वाक्य स्मरणाचं आहे. ज्याचा अनुभव नाही त्याचं स्मरण होत नाही, म्हणजे गाढ झोपेतही 'काही नाही' याचा कोणीतरी साक्षी होता. योगसूत्रांतही निद्रा ही चित्ताची एक वृत्तीच मानली आहे. तिथे काहीच घडत नाही असं नाही, अभाव नावाची गोष्ट घडते. नैयायिकाला हे मान्य नाही. तो म्हणतो, हे स्मरण नव्हे, अनुमान आहे. अंग हलकं झालंय, सूर्य वर आलाय, मधलं काही आठवत नाही, त्यावरून तू ठरवतोस की झोपलो होतो. न्यायमतात ज्ञान हा आत्म्याचा गुण खरा, पण मनाचा संयोग झाला तरच प्रकटणारा. गाढ झोपेत आत्मा असतो, ज्ञान नसतं.

रिकव्हरीतला तिसरा पलंग या वादाला चांगला साक्षीदार आहे. आजींनी पोटावरच्या पट्ट्या मोजल्या ते शुद्ध अनुमान: चार पट्ट्या आहेत, तर चार भोकं पडली असणार, तर वेळ गेलेला असणार. पण त्यांनीच झोपेच्या बाबतीत अनुमान नाकारलं, 'कळलं असतं' म्हणाल्या. सकाळी उठलेल्या माणसाला घड्याळ न पाहता बराच वेळ गेल्याचा अंदाज असतो, गेल्या रात्रीला एक जाडी असते. भुलेच्या आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण मात्र सिनेमाची रीळ कापून जोडावी तसे एकमेकांना चिकटलेले असतात. काहींना प्रोपोफॉलमध्ये स्वप्नं पडतात, बहुधा औषध उतरता उतरता. ते लोक हसत उठतात. पण पुष्कळांच्या बाबतीत जोड इतकी बेमालूम असते की उच्चारायला घेतलेला शब्द ते रिकव्हरीत पुरा करतात. मेंदूच्या लहरींतही हा फरक दिसतो. गाढ झोपेत मंद लहरी असतात, मधूनमधून त्या हलक्या होतात, स्वप्नाच्या टप्प्यात मेंदू जवळपास जागा दिसतो आणि हलवलं की माणूस उठतो. प्रोपोफॉलमध्ये मंद लहरींच्या जोडीला सेकंदाला आठ ते बारा आवर्तनांची एक लय कपाळामागे ठाण मांडून बसते, आणि औषध जास्त झालं तर रेघ अधूनमधून सपाट होते. पेशंटला समजावताना 'झोपवतो' म्हणतात, ते सोयीसाठी.

आता औषध नेमकं करतं काय? प्रोपोफॉलपुरतं उत्तर बरंच स्पष्ट आहे. मेंदूच्या पेशीवर गाबा या रसायनाला प्रतिसाद देणारी दारं असतात. प्रोपोफॉल त्यांना बिलगलं की ती जास्त वेळ उघडी राहतात, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजी पेटत नाही. पण भूल देणारी द्रव्यं एका घराण्यातली नाहीत. १८९९ मध्ये हान्स मेयर आणि १९०१ मध्ये चार्ल्स ओव्हरटन यांना स्वतंत्रपणे एकच चमत्कारिक नियम सापडला: जे द्रव्य ऑलिव्ह तेलात जितकं जास्त विरघळतं तितकं ते भुलेला जास्त जोरकस. ओव्हरटनने यासाठी बेडकाची पिल्लं वापरली, ती पोहायची थांबली की भूल लागली. नियम आजही ढोबळपणे लागू आहे. तेलप्रेमी हॅलोथेन हवेत पाऊण टक्का पुरतं. तेलाशी फारशी मैत्री नसलेला नायट्रस ऑक्साइड हिशेबाने १०४ टक्के लागेल. शंभरातले एकशेचार देता येत नाहीत, म्हणून नुसत्या हसवणाऱ्या वायूवर पूर्ण भूल होत नाही. तेव्हा सगळ्यांची समजूत झाली की औषध पेशीच्या मेदाच्या आवरणात शिरून काहीतरी बिघडवतं. १९८४ मध्ये निक फ्रँक्स आणि बिल लीब यांनी काजव्याचं प्रकाश देणारं प्रथिन घेतलं. त्यात मेदाचा अंशही नाही. भुलेच्या औषधांनी त्याचा उजेड मंदावला, आणि मंदावला तोही जवळपास त्याच क्रमाने. म्हणजे तेल नव्हे, प्रथिनातली तेलकट खाच ही खरी जागा असू शकते. कीटकाच्या शेपटीतल्या दिव्याने ऐंशी वर्षांची समजूत हलवली.

झेनॉन त्याहून विचित्र. हा निष्क्रिय वायू, कोणाशी सहसा रासायनिक बंध न जोडणारा. १९५१ मध्ये तो माणसांना भूल म्हणून दिला गेला आणि चालला. हवेत साठ-सत्तर टक्के झेनॉन असला की माणूस जातो. बंद केला की काही मिनिटांत जसाच्या तसा परत येतो. झेनॉनचे अणू आले, खाचेत बसले, निघून गेले. बंध एकही बदलला नाही. मग मधे गेलं ते काय होतं? आणि लाजाळूचं झाड. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८७०च्या दशकात काचेच्या हंडीखाली लाजाळूला ईथर दिलं, तर बोट लावूनही पानं मिटेनात. ईथर उडून गेल्यावर पुन्हा मिटू लागली. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग केले. लाजाळूला शुद्ध होती आणि ती हरपली, असं म्हणायला बहुतेकांची जीभ रेटत नाही. मग ईथरने तिचं जे हिरावलं आणि आपलं जे हिरावतं, त्यात रेघ कुठे ओढायची? बर्नार यांच्या मते सजीवपणाची एक समान खूण म्हणजे उत्तेजनाला प्रतिसाद, आणि भूल तीच दाबते. पण प्रतिसाद म्हणजे जाणीव नव्हे. आणि प्रतिसाद नाही म्हणजे जाणीव नाही, असंही नव्हे. सगळी अडचण या दुसऱ्या वाक्यात आहे.

कारण मोजतो तो प्रतिसादच. वायूचं प्रमाण ठरवायला जे एकक वापरतात त्याची व्याख्या अशी: ज्या प्रमाणात निम्मे लोक चिरा दिल्यावर हलत नाहीत ते एक माप. सेव्होफ्लुरेन या भुलेच्या वायूचं चाळिशीतलं माप दोन टक्क्यांच्या आसपास, दर दहा वर्षांनी सहा टक्क्यांनी उतरणारं. आजींसाठी दीड टक्का. यंत्रावर ०.७ मापाखाली गेलं की भोंगा वाजेल अशी सोय करतात. सगळं शिस्तीत. पण १९९३-९४च्या सुमारास उंदरांच्या मेंदूचा वरचा भाग काढून टाकून प्रयोग झाले, तेव्हा हे माप बदललंच नाही. हलायचं की नाही हे मेरुरज्जू ठरवतो. म्हणजे मनाची खोली मोजायला हाती घेतलेली काठी पाठीच्या कण्यातच टेकत होती. शुद्ध जायला त्या मापाचा साधारण तिसरा हिस्सा पुरतो, हे नशीब.

मग कपाळावर चिकटवायची पट्टी आली, मेंदूच्या लहरींवरून शून्य ते शंभर आकडा सांगणारी. चाळीस ते साठ म्हणजे ठीक. १९९६ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. केटामिन नावाचं भुलेचं औषध दिलं तर माणूस डोळे उघडे ठेवून भलत्याच मुलुखात असतो आणि आकडा उलट वर जातो. याच्या विरुद्ध गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी. २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दहा जणांनी, भुलेचं कुठलंही औषध न घेता, फक्त स्नायू लुळे करणारं औषध टोचून घेतलं. पूर्ण जागे, नुसते हलू न शकणारे. आकडा ४४ पर्यंत उतरला. यंत्र कपाळाच्या स्नायूंची थरथरही मोजत होतं आणि तिलाच थोडीफार जाग समजत होतं.

त्या दहा जणांशी बोलायची युक्ती जुनीच होती, १९७७ सालची. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, वरच्या दाबापेक्षा चांगला जास्त फुगवायचा, आणि मगच स्नायूंचं औषध द्यायचं. औषध सगळीकडे जातं, त्या हातात जात नाही. वीसेक मिनिटांत पट्टा सोडावा लागतो, नाहीतर रक्ताविना तो हातही मुका होतो. तेवढ्या वेळात कानाशी वाकून म्हणायचं, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." २०१७ मध्ये छापलेल्या एका पाहणीत नेहमीची पूर्ण भूल दिलेल्या २६० जणांत हे करून पाहिलं. श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर बारा जणांनी हात दाबला. दुखतंय का, याला पाच जणांनी पुन्हा दाबून उत्तर दिलं.

उठल्यावर असं आठवणारे मात्र फार थोडे. ब्रिटनमधल्या २०१४च्या मोठ्या पाहणीत आपणहून तक्रार करणारे सुमारे १९,००० भुलांमागे एक. स्नायूंचं औषध दिलं असेल तर ८,००० मागे एक, न दिलेल्यांत १,३६,००० मागे एक; या दोन आकड्यांतलं अंतरच काय ते सांगतं. चुका ठरीव आहेत. सारख्या दिसणाऱ्या सिरिंजा शेजारी ठेवल्या आणि लुळं करणारं औषध आधी गेलं. इंट्राकॅथ शिरेबाहेर सरकली, चादरीखाली हात असल्याने दिसली नाही, प्रोपोफॉल कातडीखाली साचलं. भुलेच्या द्रवाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरमधला द्रव संपला. नळी घालायला दहा मिनिटं लागली, तोवर पहिलं पांढरं औषध मेंदूतून निघून स्नायूंत नि चरबीत पांगलं आणि वायू अजून सुरू व्हायचा होता. प्रत्येकाला उपाय आहे: रंगीत लेबल, हात डोळ्यांसमोर, भोंगा, जवळ तयार ठेवलेली दुसरी सिरिंज. पण हे उपाय आठवणीत उमटलेल्या गोष्टींवरून शिकलेले आहेत. बारा हात दाबले गेले, त्यांचं पुढे काय झालं? ज्याला दुखलं आणि ज्याने नंतर विसरून टाकलं त्याला दुखलं होतं, असं म्हणायला हवं. ऑपरेशन थिएटरात हे मोठ्याने कोणी म्हणत नाही.

चार्वाकांचा एक दृष्टांत आहे, विड्याचा. पान हिरवं, सुपारी तपकिरी, चुना पांढरा. एकातही लाल नाही, पण चघळलं की तोंड रंगतं. तसं जड महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य. दृष्टांत झकास आहे, आणि रसायनशास्त्राने त्याला पाठिंबाही दिलाय: चुन्याचा अल्कपणा सुपारीतल्या द्रव्यांना लाल करतो, गूढ काही नाही. पण तोंड रंगलेलं दिसतं ते समोरच्याला किंवा आरशात. लाली ही बाहेरून बघायची गोष्ट. चैतन्याच्या बाबतीत रंगतो तोच बघतो, आणि तिथे विडा अपुरा पडतो. सांख्यांनी वेगळीच वाटणी केली: मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीत, म्हणजे जडात टाकलं आणि पुरुष, म्हणजे नुसता पाहणारा साक्षी, तेवढा बाजूला ठेवला. आठ मिलिलीटर औषधाने मन विझलं तर सांख्याला मुळीच धक्का बसणार नाही, जडाने जड विझलं. सुरक्षित जागा आहे ही, जरा जास्तच सुरक्षित. जो साक्षी गेला असं कशानेच दाखवता येत नाही, तो आहे असंही कशाने दाखवायचं? १९९८ मध्ये क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली स्पष्ट खूण सापडेल. २०२३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कॉख हरले आणि त्यांनी वाइन दिली. पंचवीस वर्षांची नवी पैजही लागली.

आजींच्या कागदावर दर पाच मिनिटांना ठिपके आहेत, नाडीचा एक, दाबाचे दोन. पोटात वायू भरला तेव्हा, दहाव्या-पंधराव्या मिनिटाच्या मधे, नाडी ७२ वरून ९६ झालेली दिसते. सेव्होफ्लुरेन थोडं वाढवलं, फेंटानिल आणखी २५ मायक्रोग्रॅम दिलं, पुढच्या ठिपक्याला नाडी ७६. अशी उडी मेंदूच्या देठातूनच येऊ शकते, वर कोणी नसतानाही. पोट ताणलं की ती येतेच. बहुधा तेच होतं. दंडाला जादा पट्टा बांधलेला नव्हता आणि हात कोणी धरलेला नव्हता.

सिस्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले, १९७० पासून जगभर साधारण याच क्रमाने विचारतात ते. झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? आजी म्हणाल्या, मास्कच्या प्लास्टिकचा वास आणि ते उलटे आकडे. उठल्यावरचं पहिलं? तुमचाच आवाज, डोळे उघडा म्हणालात. सिस्टरांनी टिकमार्क केला, नाकातली ऑक्सिजनची नळी नीट बसवली आणि कागदावरचं तिसरं वाक्य वाचलं. "आणि आजी, मधलं काही आठवतं?"

"मधलं म्हणजे कुठलं?" आजींनी विचारलं.